हिरव्या पाण्यावरची बाई

ओयुगींनी मशीन बंद केलं आणि बोट जागच्या जागी उभी राहिली. एरवी मशीन बंद झाल्यावर ती दहा-वीस हात तरी पुढे घसरत जायची. त्या सकाळी चिखलात चाक रुतावं तशी रुतली. मी बोटीच्या कडेवरून वाकून बघितलं. पाणी दिसतच नव्हतं. भिंतीला द्यायचा हिरवा ऑइलपेंट कुणीतरी नजर पोचेल तिथवर ओतून ठेवावा, तसा दाट, साय धरलेला रंग पसरला होता. बोटीनं मागे ओढलेली रेघ माझ्या डोळ्यांदेखत मिटत चालली होती.

"इथून पुढं पंखा फिरायचा नाही, डाक्टारी," ओयुगी म्हणाले. "काय पाणी घ्यायचंय ते इथंच घ्या."

"अजून थोडं पुढे जायचंय, म्झे."

"पुढं काय आहे?"

मी दुर्बीण डोळ्यांना लावली.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते. व्हिक्टोरिया सरोवराचा एक लांबट फाटा केनियात आत शिरला आहे आणि त्याच्या टोकाशी किसुमू शहर आहे. तिथल्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी दीड वर्षासाठी गेले होते, निळ्या-हिरव्या शेवाळाचा अभ्यास करायला. एकेकटं बघितलं तर डोळ्यांना न दिसणारे हे जीव. पण शहराचं सांडपाणी, शेतातलं खत आणि कडक ऊन मिळालं की ते असे काही वाढतात की अख्खी खाडी हिरवी होते. त्यांच्या अंगात हवेच्या बारीक पिशव्या असतात. वारा पडलेल्या सकाळी ते खालून वर येतात आणि पृष्ठभागावर जमतात. त्यांतल्या काही जातींचं विष थेट यकृतावर जातं. पाणी उकळलं तरी ते जात नाही. उलट पेशी फुटून जास्तच सुटतं. काठावरच्या बायकांना मी हे सांगायचे तेव्हा त्या माझ्याकडे अविश्वासानं बघायच्या, कारण माझ्याआधी आलेल्या प्रत्येकानं त्यांना पाणी उकळूनच प्या म्हणून शिकवलं होतं.

ओयुगी आमच्या प्रयोगशाळेची बोट चालवायचे. वय साठीच्या पुढे, चर्चमध्ये मान असलेला माणूस, बोलणं मोजकं. तिकडे वयानं मोठ्या पुरुषाला 'म्झे' म्हणतात, म्हणून मीही त्यांना म्झे म्हणायचे. ते मला 'डाक्टारी' म्हणायचे. मी माणसांची डॉक्टर नाही, हे त्यांना सांगून सांगून मी थकले होते.

खरं तर त्या दिवशी आमची फेरी नव्हती. पाण्याचे नमुने आम्ही आदल्याच दिवशी घेऊन आलो होतो. पण पहाटे मी ओयुगींच्या दारात जाऊन उभी राहिले आणि कालची एक बाटली फुटली, पुन्हा जावं लागेल असं सांगितलं. त्यांनी काही विचारलं नाही. मशीनची टाकी भरली आणि निघाले. आदल्या दिवशी आम्ही जिथं शेवटचा नमुना घेतला होता तिथं पाण्यातून एक काळा खडक वर आलेला आहे. त्या खडकाभोवती आज काहीच नव्हतं, नुसतं उघडं पाणी. मग वाऱ्याचा अंदाज घेत मी त्यांना या बाजूला यायला सांगितलं होतं.

"कालचा खडक तर पार तिकडं राहिला," ओयुगी म्हणाले. "आपण भलतीकडंच आलोय."

"माहीत आहे."

मशीन बंद केल्यावर जी शांतता झाली ती मला आजही आठवते. सरोवरावर शांतता अशी नसतेच कधी. पाणी बोटीच्या पोटाला चुळचुळत राहतं, पक्षी ओरडतात, लांबून कुणाचं तरी गाणं येतं. इथं त्या हिरव्या सायीनं लाटा दाबून टाकल्या होत्या. वारा तोंडावर लागत होता, पण पाणी हलत नव्हतं. सायीत हातभर लांबीचे मासे पांढरी पोटं वर करून पडले होते, तोंडं उघडी. पुढे जलपर्णीचा पट्टा होता, खांद्याइतका उंच वाढलेला, आणि त्यावर पाच-सहा पाणकावळे जमिनीवर उभे राहावेत तसे उभे होते. आम्ही इतक्या जवळ गेलो तरी एकही उडाला नाही. वास आधी कापलेल्या गवताचा आला, मग त्याच्या खालून कुजलेल्या अंड्यांचा.

"पाखरं का उडत नाहीत?" मी कुजबुजले. मोठ्यानं बोलवत नव्हतं.

ओयुगींनी वल्हं सायीत खुपसून बघितलं.

दुर्बिणीत मला जलपर्णीच्या मधोमध एका बोटीची नाळ, पुढचं निमुळतं टोक, दिसली. निळा रंग उडालेली. तिच्यात एक माणूस ताठ बसलेला होता.

"म्झे. तिकडे."

त्यांनी दुर्बीण घेतली, बराच वेळ बघितलं. "बसलाय," ते म्हणाले. "पण जाळं नाही त्याच्यापाशी." मग तोंडाभोवती हातांचा कर्णा करून त्यांनी लुओ भाषेत हाक मारली. हाक त्या पानांत शिरली आणि विरून गेली. पलीकडून काही आलं नाही. त्या माणसानं फक्त एक हात वर केला आणि तसाच ठेवला.

"अडकलाय," ओयुगी म्हणाले. "ही पर्णी वाऱ्यानं सरकते, डाक्टारी. रात्री उघडं पाणी बघून माणूस जाळं टाकतो, सकाळी बघतो तर चारी बाजूंनी जमीन. हलता येत नाही, पोहता येत नाही. मुळं पाय धरतात." त्यांनी बाकाखालचा कोयता काढला. "चला. वल्हं घ्या तुम्ही."

त्या माणसापर्यंतचं अंतर शंभर पावलंही नसेल. आम्हाला दोन तास लागले. ओयुगी नाळेवर पालथे पडून मुळांसकट पर्णी तोडायचे, मी वल्ह्यानं ती मागे ढकलायचे आणि बोट हातभर पुढे सरकायची. तोडलेली वाट आमच्या पाठीमागे लगेच मिटत होती. हातांना फोड आले, फुटले, आणि त्यांत ते हिरवं पाणी चुरचुरायला लागलं. अर्ध्या वाटेवर असताना आमच्या उजव्या बाजूची पर्णी एकाएकी वर उचलली गेली. सगळी, खोलीएवढी, पानंफुलं आणि पाणकावळ्यांसकट. क्षणभर तशी राहिली आणि पुन्हा खाली बसली. खालून मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला.

ओयुगींनी कोयता छातीशी धरला. "किबोको," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले. पाणघोडा. "हलू नका."

आम्ही हललो नाही. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. पर्णी पुन्हा एकदा उचलली गेली, या खेपेला जरा लांब, मग आणखी लांब. त्या सगळ्या वेळात समोरच्या बोटीतला माणूस हात वर धरून आमच्याकडे बघत होता. त्याला ना घाई होती, ना भीती.

शेवटी नाळेला नाळ लागली तेव्हा मी त्याला नीट बघितलं. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, पण गालांत खड्डे पडलेले. ओठ आणि हनुवटी निळसर झालेली. हे शेवाळ मरताना त्यातून निळा रंग सुटतो. दगडांवर, बोटींच्या कडांवर तो मी कितीदा बघितला होता. माणसाच्या तोंडावर पहिल्यांदाच बघत होते. त्याचा डावा हात मनगटापर्यंत निळा होता. ओंजळ त्याच हाताची केली असणार.

"किती दिवस?" ओयुगींनी लुओत विचारलं. मला तेवढं कळत होतं.

त्यानं तीन बोटं दाखवली. आवाज नव्हता. ओरडून ओरडून गेला होता.

त्याचं नाव ओदुओर. रात्रीच्या मासेमारीला एकटाच निघाला होता. जाळं पर्णीनं ओढून नेलं, मशीनचा पंखा तुटला. पहिला दिवस त्यानं तहान धरली. दुसऱ्या दिवशी दुपारी ओंजळीनं पाणी प्यायला, संध्याकाळी पुन्हा. त्यानंतर पोटात जे दुखायला लागलं ते थांबलंच नव्हतं. बोटीच्या तळाशी त्यानं ओकलेलं होतं, तेही हिरवं. आम्ही त्याला आमच्या बोटीत घेतलं. मी माझ्याजवळच्या पाण्यात साखर-मीठ कालवून चमच्याचमच्यानं पाजायला लागले.

"आत्ता निघता येणार नाही," ओयुगी सभोवार बघत म्हणाले. आमची वाट कधीच मिटली होती. "दुपारी वारा फिरतो, सरोवराकडून येतो. तेव्हा ही फाटेल. तोवर बसायचं."

तर आम्ही बसलो. सूर्य डोक्यावर यायला लागला. ओयुगींनी आपला सदरा काढून ओदुओरच्या डोक्यावर धरला. थोडं पाणी पोटात राहिल्यावर त्याच्या घशातून आवाज फुटायला लागला, सुका, पानं घासल्यासारखा. तो माझ्याकडे टक लावून बघत होता. पाण्याचा चमचा तोंडाशी गेला तरी नजर हलत नव्हती. मग त्यानं ओयुगींना काहीतरी विचारलं.

ओयुगींनी त्याला परत बोलायला लावलं. मग माझ्याकडे वळले, पण सांगेनात.

"काय म्हणतो?"

"ताप चढलाय त्याला."

"म्झे, काय म्हणतो?"

"विचारतोय, ही कितवी?"

"कितवी म्हणजे?"

ओदुओर बोलत राहिला आणि ओयुगी तुकड्यातुकड्यानं मला इंग्रजीत सांगत राहिले. काल एक बाई आली होती. मुहिंदी, म्हणजे हिंदुस्थानी बाई. डोक्याला फडकं बांधलेलं. तिची बोट हिरव्या पाण्यावर येऊन थांबली, आवाज न करता. तिनं दोरीला बांधलेली बाटली पाण्यात सोडली, भरून वर काढली, उन्हाकडे धरून बघितली. मग डोळ्यांना दोन काळ्या नळ्या लावून तिनं सरळ त्याच्याकडे बघितलं. त्यानं हात वर केला. ती बघत राहिली. मग नळ्या खाली घेतल्या, आणि बोट गेली.

"त्यानं हाक मारली म्हणतो. आवाज निघाला नाही. पण तिनं बघितलं म्हणतो." ओयुगींनी तोंडावरून हात फिरवला. "चेहरा तुमचा होता म्हणतो."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. त्यातलं पाणी ओदुओरच्या मानेवरून ओघळलं.

ओयुगी त्याला समजावत होते, जरा चढ्या आवाजात. काल आम्ही इकडं आलोच नव्हतो, आम्ही त्या काळ्या खडकापाशी होतो, मी बोट चालवत होतो, मला माझी जागा कळत नाही का? ओदुओर ऐकून घेत होता. मग त्यानं निळ्या बोटानं पाण्याकडे दाखवलं आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाला.

"म्हणतो, ती माणूस नव्हती. पाण्यातलीच काहीतरी, बाईच्या रूपानं येते. बाटलीत पाणी भरते आणि ते पाणी मरतं." ओयुगींचा आवाज आता एकदम खाली आला होता. "मी हे असलं मानत नाही, डाक्टारी. लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेलं सोडलं तर नाही." त्यांनी कोयता बाकाखाली सरकवला. "पण या पाण्यावर दुसरी मुहिंदी बाई नाही."

पाणकावळे अजून तसेच उभे होते. पर्णीच्या आत कुठेतरी बुडबुडे फुटत होते, एक इथं, एक तिथं. ओदुओरनं पुन्हा तोच प्रश्न विचारला, या खेपेला मला, मोडक्या स्वाहिलीत. तू पहिली की दुसरी?

"दुसरी," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली आणि डोळे मिटले.

दोनच्या सुमाराला वारा फिरला. आधी पाणकावळे उडाले, सगळे एकदम. मग पर्णीला भेग पडली, चादर फाटावी तशी लांबच लांब, आणि मध्ये काळं पाणी दिसायला लागलं. ओयुगींनी मशीन चालू केलं. किनारा दिसायला लागल्यावर ते मागे न बघता म्हणाले, "तुमचं पाणी घ्यायचं राहिलं की. बाटली फुटली होती ना?"

"राहू दे आज."

"बर्फाची पेटी काल मीच उतरवली," ते म्हणाले. "आठ बाटल्या होत्या. मीच मोजून दिल्या." मग त्यांनी मशीनचा वेग वाढवला.

ओदुओरला आम्ही किसुमूच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले, यकृताला मार बसलाय, आठवडा काढला तर वाचेल. मी त्यांना लिहून दिलं की त्यानं काय प्यायलंय, किती प्यायलंय, आणि त्या पाण्यात विष किती निघालंय. डॉक्टर आकडा बघून म्हणाले, "एवढं? हे पाणी तुम्हाला मिळालं कुठून?"

"तो होता त्याच्याजवळून," मी म्हणाले.

तर आता सांगते.

आदल्या दिवशी त्या काळ्या खडकापाशी आम्ही शेवटचा नमुना घेत होतो. पंख्यात पर्णी अडकली म्हणून ओयुगी पाठमोरे, अर्धे पाण्यात वाकून ती सोडवत होते. मी बाटली भरली. इतकं दाट पाणी त्या हंगामात मला मिळालं नव्हतं. मी खूश होते. पर्णी किती लांबपर्यंत पसरलीय ते वहीत टिपायचं म्हणून दुर्बीण लावली, आणि तिच्या आत मला निळी बोट दिसली. आत माणूस, ताठ बसलेला. त्यानं हात वर केला. तिकडचे कोळी जाता-येता हात करतातच. मी स्वतःला तेच सांगितलं. पण त्याच्यापाशी जाळं नव्हतं, दोरी नव्हती, आणि वर केलेला हात खाली येत नव्हता, हे मी बघितलं होतं. घड्याळात साडेदहा झाले होते. प्रयोगशाळेतली वीज दुपारी जायची, त्याआधी नमुने पोचवायचे होते. आत शिरलं तर आम्हीही अडकणार होतो. एवढं सगळं मी एका क्षणात मोजलं, त्या क्षणात दुर्बीण खाली घेतली आणि ओयुगी वर आल्यावर मी त्यांना म्हणाले, "झालं माझं. चला."

रात्रीत तो सगळा पट्टा वाऱ्यानं मैल-दीड मैल सरकला आणि त्याच्याबरोबर ओदुओरही सरकला. म्हणून ओयुगींना वाटलं, आपण तिथं नव्हतोच.

बाटली फुटली नव्हती. दुपारभर मी तिच्यावर काम केलं आणि आकडा बघून उडाले. पुढे तो आकडा माझ्या निबंधात छापून आला. अजूनही लोक त्याचा दाखला देतात.

दवाखान्यात मी दोनदा गेले. ओदुओरची बायको तिथं रात्रंदिवस बसलेली असायची. तिचं नाव रिस्पर. उंच, सावकाश बोलणारी बाई. किनाऱ्यावर मासे सुकवून ती शहरात विकायची, त्यामुळे इंग्रजी चांगलं बोलायची. पहिल्या भेटीत तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. माझ्या तळव्यांवरचे फोड बघितले, त्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "देवानं तुम्हाला पाठवलं." दुसऱ्या भेटीत ती फार बोलली नाही. मला बसायला स्टूल दिलं आणि मी ओदुओरशी बोलत असताना समोर उभी राहून बघत राहिली. तो मात्र आनंदात होता. वॉर्डातल्या प्रत्येकाला तो दोन बायांची गोष्ट सांगत होता. पहिली पाणी घेऊन गेली. दुसरीनं पाणी पाजलं. "ही दुसरी," तो माझ्याकडे बोट करून सांगायचा, आणि शेजारच्या खाटांवरचे लोक उठून मला हात मिळवायचे.

पुढच्या आठवड्यापासून ओयुगी बोटीवर आले नाहीत. गुडघा धरलाय असा निरोप आला. त्यांचा पुतण्या यायला लागला. चर्चबाहेर एकदा दिसले, लंगडत नव्हते. त्यांनी टोपी काढून मला नमस्कार केला आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

माझं दीड वर्ष संपत आलं. भारतात परतायला चार दिवस राहिले तेव्हा मी ठरवलं की ओदुओरला सांगायचं. तो घरी आला होता, बरा होत होता. एका दुपारी गाडी करून मी त्याच्या गावी, न्यामारे बीचवर गेले.

तो अंगणात झाडाखाली नवं जाळं विणत बसला होता. डोळ्यांतला पिवळेपणा गेला होता, अंग मात्र अजून भरलं नव्हतं. मला बघून तो उठला, ओरडला, आणि बघता बघता शेजारीपाजारी गोळा झाले. खुर्ची आली. एक म्हातारी जवळ येऊन माझा चेहरा हातानं चाचपून गेली.

"बघतायत," ओदुओर हसत स्वाहिलीत म्हणाला. "ती पहिली येते का तुमच्या रूपानं, म्हणून. तुम्हाला माहितेय? त्या दिवसापासून इथल्या मुलांना शिकवलंय आम्ही. पाण्यावर बाटली भरणारी बाई दिसली, तर हाक मारायची नाही. तिनं बघायच्या आत तोंड फिरवायचं."

"आणि कुणी खरंच मदतीला आलं असेल तर?" मी विचारलं.

"माणूस आला तर माणूस लगेच कळतं," तो म्हणाला. "माणूस जवळ येतं."

सगळे हसले. मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "ओदुओर," मी म्हणाले, "मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. त्या दिवशी नाही, आदल्या दिवशी..."

रिस्परनं माझ्या हातात ताटली ठेवली. तळलेला मासा आणि उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. ताटली गरम होती, मला ती दोन्ही हातांनी धरावी लागली. "आधी जेवा," ती म्हणाली. तिनं ते अशा काही आवाजात म्हटलं की मी जेवले. शेवटच्या घासापर्यंत ती माझ्या शेजारी उभी होती. ताटली रिकामी झाल्यावर म्हणाली, "डाक्टारींची गाडी थांबलीय. मी रस्त्यापर्यंत सोडून येते."

ओदुओरनं उठून माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. त्याचा पंजा गरम आणि जड होता.

वाट मक्याच्या शेतांमधून होती. रिस्पर पुढे चालत होती. घर दिसेनासं झाल्यावर ती थांबली आणि वळली.

"तुम्ही त्याला सांगायला आला होता," ती म्हणाली.

मी मान हलवली. मग विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"दवाखान्यात. तुम्ही दुसऱ्यांदा आलात तेव्हा. तो तुमच्याशी बोलत होता आणि तुम्ही खिडकीकडे बघत होता. ज्यानं जीव वाचवलाय तो माणूस असं बघत नाही." तिनं शेताच्या कडेची एक वाकलेली काडी मोडली आणि टाकली. "मग मी ओयुगींकडे गेले. ते काही बोलले नाहीत. नाही असंही म्हणाले नाहीत."

"रिस्पर, मी दुसऱ्या दिवशी परत आले. मला झोप लागली नाही. मी..."

"मला माहितेय. म्हणून तो जिवंत आहे. एक दिवस आधी आला असतात तर त्याचं यकृत धड राहिलं असतं, तेही मला माहितेय." तिचा आवाज चढला नव्हता. "मी तुमच्यावर ओरडायला आले नाही. तुम्ही चांगल्या की वाईट हे ठरवायला मला वेळ नाही. तो पुढच्या महिन्यात पुन्हा पाण्यावर जाणार आहे. जावंच लागतं. आता त्याला रात्री झोप लागते. का लागते, माहितेय? ती बाई माणूस नव्हती म्हणून."

मी तिनं टाकलेल्या काडीकडे बघत होते.

"इथले सगळे पुरुष पाण्यावर जातात ते एकाच भरवशावर. बुडायला लागलो, अडकलो आणि कुणी बघितलं, तर तो येईल. माणूस असेल तर येईलच. तुम्ही आज त्याला सांगितलंत तर तुम्हाला हलकं वाटेल. गाडीत बसाल, विमानात बसाल. आणि तो त्या पाण्यावर बोट घालेल तेव्हा लांबून येणारी प्रत्येक बोट बघून विचार करेल, हा बघून जाईल की थांबेल?" तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. जड नव्हता, पण मला मागे सरता येईना. "तिला माणूस करू नका, डाक्टारी. ती राहू दे पाण्यातच."

रस्त्यावर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. रिस्पर माझ्याबरोबर गाडीपर्यंत आली. तिकडच्या रीतीप्रमाणे तिनं दार उघडून धरलं, मी बसल्यावर लावलं आणि खिडकीत वाकली.

"मुलीचं लग्न झालं, कुणाचं बारसं झालं, तर तो तुम्हाला पत्र पाठवेल," ती म्हणाली. "पैसे पाठवू नका. येऊ नका."

त्याची तीन पत्रं आली. तिसऱ्यात लिहिलं होतं की तो बरा आहे, मासे कमी झालेत, आणि गावातल्या एका माणसाला ती पहिली बाई पुन्हा दिसली. किसुमूहून मला त्यानंतर दोनदा बोलावणं आलं, एकदा परिषदेला आणि एकदा तीन वर्षांच्या चांगल्या कामासाठी. दोन्ही वेळा मी तब्येतीचं कारण कळवलं.